नवाहो कांबळ्यातील तांबडा धागा

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, ॲरिझोना व न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पठारावर नवाहो लोकांची वस्ती आहे. स्पॅनिश वसाहतकारांनी आणलेल्या चुर्रो जातीच्या मेंढ्या त्यांनी आपल्याशा केल्या आणि शेजारच्या प्वेब्लो समाजाकडून विणकला घेतली. चुर्रोच्या लोकरीत चरबी कमी असते. त्यामुळे ती थोड्या पाण्यात स्वच्छ होते आणि रंगही चांगला धरते. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या प्रदेशात हा गुण लहान नव्हे.

पांढरा, तपकिरी आणि काळसर हे रंग मेंढीच्या अंगचेच. नीळ व्यापाऱ्यांकडून मिळे. पिवळ्यासाठी माळावरील रॅबिटब्रश या झुडपाची फुले तासन्‌तास उकळून, पाणी गाळून त्यात तुरटी घालतात आणि ओले सूत त्यात मुरू देतात. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने लोकरीच्या प्रथिनांशी व दुसऱ्या बाजूने रंगद्रव्याशी बांधले जाते. म्हणूनच तिला रंगबंधक म्हणतात. काळ्याची रीत अधिक कष्टाची आहे. सुमाकची पाने व डहाळ्या उकळून काढलेल्या अर्कात पिवळी गेरूमाती आणि पिन्यॉन पाइनचा डिंक एकत्र भाजून केलेली पूड मिसळतात. वनस्पतीतील टॅनिन आणि मातीतील लोह यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोहक्षार यांपासून काळी शाई करणाऱ्या आपल्या कारागिरांना ही प्रक्रिया मुळीच परकी वाटणार नाही.

खरी अडचण होती ती तांबड्याची. माउंटन महोगनीच्या मुळांची साल तांबूस तपकिरीपर्यंत पोहोचते, पुढे नाही. निवडुंगाची लाल बोंडे मोहात पाडतात. परंतु त्यांतील बीटालेन द्रव्य उष्णतेने नासते. म्हणून बोंडांच्या रसात सूत न उकळता कित्येक दिवस भिजवावे लागते आणि एवढे करूनही मिळालेला गुलाबी रंग उन्हात विटतो. गंमत अशी की, त्याच निवडुंगावर बसणारी कोचिनील ही खवले कीड पक्का किरमिजी रंग देते. मेक्सिकोत ती शतकानुशतके पाळली जात होती. एक किलो वाळलेल्या रंगासाठी लाखाहून अधिक माद्या लागत.

एवढी जवळची कीड असूनही जुन्या नवाहो कांबळ्यांतील तांबडा रंग आला तो समुद्रापलीकडून. युरोपात विणलेले व रंगवलेले ‘बायेता’ नावाचे लोकरी कापड व्यापारातून या पठारावर येई. नवाहो स्त्रिया ते धागा धागा उसवत आणि तेच सूत आपल्या मागावर पुन्हा विणत. विसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ जो बेन व्हीट यांच्या अभ्यासासाठी अशा धाग्यांचे रासायनिक परीक्षण झाले. जुन्या नमुन्यांत लाखेच्या किड्याचे लॅकाइक आम्ल मोठ्या प्रमाणावर आढळले, तर 1860 नंतरच्या नमुन्यांत कोचिनीलचे कार्मिनिक आम्ल वरचढ ठरले. दोन्ही द्रव्ये अँथ्राक्विनोन वर्गातील असून दोन्ही कीटक खवले किडींच्याच कुळातील आहेत. या भेदाचा उपयोग आज कांबळ्याचा काळ ठरवण्यासाठी होतो. लाखेचा किडा हा दक्षिण व आग्नेय आशियाचा रहिवासी. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंगालमधून इंग्लंडला लाखेचा रंग जात असे.

पुढचा इतिहास क्लेशकारक आहे. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना बॉस्क रेडोंडोच्या छावणीकडे पायी नेले; त्यांचे कळप नष्ट केले. 1868 च्या तहानंतर ते परतले, तेव्हा गिरणीचे सूत आणि पाठोपाठ कृत्रिम रंगांच्या पुड्या आल्या. आज जगाला ‘नवाहो’ वाटणारा गनाडोचा गडद लाल रंग मुळात या पुड्यांचाच आहे. वनस्पतिज रंगांचे पुनरुज्जीवन 1920 च्या दशकात चिन्ले परिसरात सुरू झाले. नोनाबा ब्रायन या नवाहो शिक्षिकेच्या कृती 1940 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि रंगछटांची संख्या पूर्वी कधी नव्हती एवढी वाढली. प्राचीन म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक छटा या अर्थाने विसाव्या शतकातील आहेत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

लाखेच्या रंगाला मात्र असे पुनरुज्जीवन अद्याप लाभलेले नाही. पळस, बोर व कुसुम या झाडांवरील लाख झारखंड, छत्तीसगडपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंत आजही काढली जाते, पण ती राळेसाठी. फांदीवरून खरवडलेली लाख कुटून धुताना जे लाल पाणी निघते, तोच हा रंग. बहुतेक ठिकाणी ते गटारात सोडले जाते. नामकुम, रांची येथे 1924 मध्ये स्थापन झालेल्या लाख संशोधन संस्थेने या धुवणातून रंग वेगळा काढण्याची पद्धत विकसित केली आहे. रंगाचे प्रमाण अधिक हवे असेल, तर पिल्ले बाहेर पडण्यापूर्वी लाख काढावी लागते. पुढील हंगामाचे बियाणे मात्र त्या पिल्लांतूनच मिळत असल्यामुळे काही फांद्या राखून ठेवाव्या लागतात.