नकाशावरचे रंग आणि घरातले आरोग्य

मुलांना खेळायला मैदान नाही, आजोबांना फिरायला मोकळी वाट नाही, रात्री शेजारच्या मंगल कार्यालयाच्या गोंगाटात झोप लागत नाही. अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात आणि आपण शहराच्या गर्दीला दोष देऊन गप्प बसतो. वाचकहो, यांपैकी बऱ्याच गोष्टी आपण त्या घरात राहायला येण्यापूर्वी कितीतरी वर्षे आधीच ठरलेल्या असतात. त्या ठरतात नगररचना विभागातील एका रंगीत नकाशावर. कायद्याच्या भाषेत त्याला विकास योजना म्हणतात. बोलताना आपण त्याला 'डीपी' म्हणतो.

या नकाशात प्रत्येक जमिनीचा वापर नेमून दिलेला असतो: निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती. जमिनीच्या व्यवहारात कानावर पडणारे 'यलो झोन' आणि 'ग्रीन झोन' हे शब्द तिथूनच आले. आपण त्यांचा संबंध भावाशी जोडतो. आरोग्याशी जोडायचे मात्र विसरतो.

प्लेगने दिलेला धडा

हा संबंध जुना आहे. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या, कोंदट वस्त्यांत तिने हाहाकार माजवला, तेव्हा 1898 साली शहर सुधारण्यासाठी 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. समुद्रावरचा वारा वस्तीत खेळावा म्हणून सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे रुंद रस्ते काढले गेले आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या वसाहतींची आखणी झाली. या कामात अनेक गरिबांची घरे पाडली गेली, हेही विसरता येत नाही. पुढे 1915 साली मुंबई प्रांताचा नगररचना कायदा आला. आज आपल्या राज्यात 1966 चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे.

दादरचे शिवाजी पार्क 1925 साली लोकांसाठी खुले झाले आणि भोवतालची बहुतेक वस्ती त्यानंतर उभी राहिली. आधी मैदान आणि मग घरे, या क्रमाचा लाभ तिथल्या पिढ्या आजही घेत आहेत.

क्षेत्र बदलले की झोप बदलते

ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. व्यापारी क्षेत्रात ती 65 आणि 55, तर औद्योगिक क्षेत्रात 75 आणि 70 आहे. दहा डेसिबलचा फरक लहान वाटतो. प्रत्यक्षात ध्वनीची ऊर्जा तेवढ्यात दहापट होते. म्हणून आपल्या गल्लीचा पट्टा निवासीचा व्यापारी झाला, तर घरातल्या तान्ह्या बाळाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णाच्या रात्रीवरही त्याचा परिणाम होतो.

याचा अर्थ घराजवळ दुकान नसावे, असा नाही. निवासी भागातही किराणा दुकान, दवाखाना, मर्यादित अश्वशक्तीची पिठाची गिरणी यांना नियमांत जागा आहे आणि ती असावीच. भाजी आणायला पायी जाता येते, तिथे वडीलधाऱ्यांचे चालणे वेगळ्या व्यायामावाचून होते आणि ओळखीपाळखीही टिकतात.

आरक्षण कायमचे नसते

मैदान, उद्यान, शाळा यांसाठी विकास योजनेत भूखंड राखून ठेवतात. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेवर मुले खेळताना पाहून आपण निश्चिंत असतो. परंतु अशी जमीन बहुधा खाजगी मालकीची असते. योजना अंमलात आल्यापासून 10 वर्षांत ती ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत प्रशासनाने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते आणि शेजारच्या जमिनीप्रमाणे तिथेही बांधकाम होऊ शकते.

यात मालकावर दोषारोप करणे योग्य नव्हे; त्याची जमीन मोबदल्याविना किती काळ अडकवून ठेवायची, हा त्याचाही न्याय्य प्रश्न आहे. रोख रक्कम किंवा टीडीआर देऊन वेळेत जागा घेणे, हे प्रशासनाचे काम आहे. त्याची आठवण करून देणे आपल्या हाती आहे.

आपण काय करावे?

घर घेण्यापूर्वी महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून त्या जागेचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढून घ्यावा. केवळ आपल्या इमारतीचा पट्टा पाहून थांबू नये. समोरचा आणि मागचा भूखंड कशासाठी राखला आहे, जवळून रुंद रस्ता जाणार आहे का, हेही पाहावे.

नवी योजना किंवा तीत बदल प्रस्तावित झाला की वृत्तपत्रांत सूचना येते. त्या मुदतीत साध्या कागदावर, भूखंडाचा क्रमांक देऊन, कारणांसह हरकत नोंदवता येते. 2015 साली मुंबईच्या आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या, शासनाने तो दुरुस्त करण्याचा आदेश दिला आणि सुधारित आराखडा 2018 साली मंजूर झाला.

येत्या रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून आपल्या प्रभागाचा नकाशा पाहावा. आपली मुले खेळतात ती जागा त्यात कोणत्या रंगाची आहे आणि ती योजना केव्हा अंमलात आली, एवढ्या दोन गोष्टी तरी टिपून ठेवाव्यात. 10 वर्षे भरत आली असतील, तर सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय अवश्य घ्यावा.