चाऱ्याचें वजन आणि चाऱ्याचें सत्त्व

गव्हाणींत सकाळसंध्याकाळ पेंढ्या पडतात, गाय पोटभर खाते, तरी तिच्या फासळ्या झांकत नाहींत आणि दूधहि वाढत नाहीं. अशा वेळीं घरचीं माणसें दैवास किंवा गाईच्या जातीस दोष देतात. परंतु पोट भरणें निराळें आणि पोषण होणें निराळें. हा भेद कसा उत्पन्न होतो तें पाहूं.

गाय, म्हैस व मेंढी यांच्या पोटास चार कप्पे असतात. वाढलेल्या गाईच्या पहिल्या कप्प्यांत सुमारें १०० लिटर ऐवज सहज मावतो. तेथें असंख्य सूक्ष्म जंतु वास करितात. गवताच्या तंतूंतील सेल्युलोज पचविणारा रस गाईच्या स्वतःच्या शरीरांत होत नाहीं. तें काम हे जंतु करितात. गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करून चारा बारीक करिते, जंतु तो आंबवितात, आणि त्यांतून निघालेलीं आम्लें रक्तांत जाऊन तिला शक्ति देतात. पुढील कप्प्यांत ते जंतुहि पचतात व त्यांपासून तिला प्रथिनें मिळतात. तात्पर्य, गाईस चारणें म्हणजे प्रथम या जंतूंस चारणें होय.

खाल्लेल्या चाऱ्यापैकीं अंगीं किती लागला, हें मोजतां येतें. जर्मनींतील वेंडे येथें हेन्नेबर्ग व श्टोमान या शास्त्रज्ञांनीं १८६० च्या सुमारास चारा व शेण या दोहोंची तपासणी करून या शास्त्राचा पाया घातला. समजा, मेंढीनें एक किलो कोरडा चारा खाल्ला आणि तिच्या लेंड्या वाळवून ४०० ग्रॅम भरल्या, तर ६०० ग्रॅम पचला. म्हणजे त्या चाऱ्याची पचनीयता शेंकडा ६० झाली. पुढें १९६३ सालीं इंग्लंडांतील हर्ली येथें टिली व टेरी यांनीं मेंढीच्या पोटांतील रस काचेच्या नळींत घेऊन चारा पारखण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. चांगला चारा मेंढी व गाय जवळजवळ सारखाच पचवितात, म्हणून मेंढीवरील प्रयोग गाईच्याहि उपयोगी पडतो. भेद आहे तो असा कीं, निकृष्ट काड गाय कांहींसें अधिक पचविते. मेंढी अख्खें धान्य नीट चावते, गाईस मात्र तें भरडून द्यावें लागतें.

कोवळें गवत शेंकडा ७० किंवा त्याहून अधिक पचतें. तेंच बीं धरून वाळलें म्हणजे त्याच्या तंतूंभोंवतीं लिग्निन नांवाचें लांकडासारखें द्रव्य सांचतें. त्यापुढें जंतूंचें कांहीं चालत नाहीं. भाताचा पेंढा किंवा गव्हाचें काड शेंकडा ४० ते ५० च पचतें. शिवाय असा चारा पोटांतून लवकर पुढें सरकत नाहीं, म्हणून जनावर खातेंहि कमी. एक गाय १२ किलो चांगला कोरडा चारा खाऊन त्यांतील शेंकडा ७० पचविते असें धरल्यास तिला ८.४ किलो लाभतो. तीच ७ किलो काड खाऊन शेंकडा ४५ पचवील, तर केवळ ३.१५ किलो. पोट दोन्ही वेळां भरलेलेंच असतें!

यावरून तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. गवत फुलोऱ्यास येतांच कापावें. भारे वाढावे म्हणून बीं पिकेपर्यंत थांबूं नये. काड व पेंढा यांत प्रथिनें अत्यल्प असतात आणि त्यांवांचून जंतु उपाशी राहतात. म्हणून जोडीस लसूणघास किंवा थोडी पेंड द्यावी. तिसरी गोष्ट, लोभानें एकदम पुष्कळ धान्य घालूं नये. त्यानें पोटांत आम्ल माजून जनावर दगावतें. कोणताहि पालट दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करावा.

मुक्या जनावरास आपली उपासमार बोलून दाखवितां येत नाहीं. ती ओळखणें हें पाळणाऱ्याचें काम आहे. तेव्हां चारा विकत घेतांना किंवा कापतांना भाऱ्याचें वजनच पाहूं नये. त्यांत पान किती व काडी किती, हेंहि पाहावें.