पावसाळा वगळून

हवा मोजायची तर आधी कागद तोलावा लागतो. काचतंतूंचा पांढरा फिल्टर पेपर प्रयोगशाळेत चोवीस तास कोरड्या पेटीत ठेवायचा, मिलिग्रॅमचाही अंश दाखवणाऱ्या काट्यावर त्याचं वजन घ्यायचं, पाकिटात घालून गावात आणायचा आणि सॅम्पलरमध्ये बसवायचा. मग पुढचे चोवीस तास यंत्र त्यातून हवा ओढत राहतं. दुसऱ्या दिवशी कागद करडा झालेला असतो. तो पुन्हा कोरडा करायचा, पुन्हा तोलायचा. दोन वजनांतल्या फरकाला ओढलेल्या हवेच्या घनफळाने भागलं की हवेतल्या बारीक धुळीचा, म्हणजे पीएम 10 चा आकडा हाती येतो. चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, त्याहून बारीक पीएम 2.5 ची 60.

वनस्पतिशास्त्र शिकून मी काही वर्षं विमानतळ प्रकल्पांच्या पर्यावरण अभ्यासासाठी हवा मोजणाऱ्या अशा पथकांबरोबर दक्षिण कोकणातल्या सड्यांवर फिरलो. माझं काम झाडाझुडपांचं, पण माणसं कमी असली की कागद बदलायलाही जावं लागे. सड्यावर वीज नसते. जनरेटर लावला तर त्याचाच धूर कागदावर बसणार, म्हणून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब न्यायचा आणि वायर ओढत आणायची. हा खटाटोप नको असला की यंत्र जातं शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या स्लॅबवर, कारण तिथे प्लग असतो. शाळेचा शिपाई रोज विचारायचा, "हवा चांगली आसा मा?" चांगलीच होती. कोकणातल्या खेड्यात ती चांगली असणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, आणि ते प्रकल्पाच्या पथ्यावरच पडतं: आजची हवा इतकी स्वच्छ, की विमानतळाची भर घातली तरी आकडा मर्यादेच्या आत राहतो.

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार विमानतळ ‘अ’ वर्गात येतो, म्हणजे त्याची फाइल दिल्लीला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जाते. आधी फॉर्म 1, मग तज्ज्ञ समितीने अभ्यासाची कार्यकक्षा ठरवायची, मग अभ्यास, जनसुनावणी, पुन्हा समिती. अभ्यास करणाऱ्या सल्लागार संस्थेला अधिमान्यता लागते. तिची फी मात्र प्रकल्पवालाच भरतो. याकडे बोट दाखवून लोक म्हणतात की सगळे आकडे विकतचे असतात. मला तसं वाटत नाही. मी पाहिलेल्या पोरांनी मध्यरात्री उठून मीटर तपासले आहेत, करड्या कागदांची पाकिटं अंगाशी धरून एसटीतून नेली आहेत. आकडे खरे असतात. ते कुठे आणि कधी घ्यायचे, हे ठरवण्यात गोम असते.

‘कधी’चं उत्तर कार्यकक्षेत छापलेलंच असतं: एका हंगामाची पायाभूत माहिती, पावसाळा सोडून. हवेच्या बाबतीत याला अर्थ आहे. पावसात धूळ धुऊन जाते, आकडे फसवेपणाने कमी येतात, म्हणून कोरड्या दिवसांत मोजा. पण तोच हंगाम सगळ्या अभ्यासाचा हंगाम होऊन बसतो. पंजाबच्या शेतात ते खपून जाईल. सड्यावर नाही.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. मे महिन्यात त्याच्यावर उभं राहिलं की डोळे दिपतात: काळपट कातळ, फटींतून वाळलेलं गवत, कडेला करवंदीच्या जाळ्या, लांबवर एखादी टिटवी. मी तिथे मीटरभर लांबी-रुंदीची चौकट टाकून आतली रोपं मोजायचो. मोजायला फारसं काही नसायचं. तक्त्यात ‘विरळ गवत, खुरटी झुडपं’ असं लिहिलं जायचं आणि अहवालात पोचेपर्यंत त्याचं ‘ओसाड, खडकाळ जमीन’ होऊन जायचं. गुरांमागे आलेली एक आजी माझ्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आता हयसर काय गावाचा नाय. पावसात येवा."

पावसात गेलो, अर्थात स्वतःच्या खर्चाने. पहिल्या सरींबरोबर दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती कोकण-गोव्याचे सडे सोडून जगात फारशी कुठे सापडत नाही, आणि मे महिन्यात तिचा कंद मातीखाली निजलेला असतो; वर खूण म्हणून नसते. श्रावणात कातळावरच्या पाणथळ खोलग्यांत गेंदाची पांढरी बोंडं उभी राहतात, त्यांच्या मधून निळी-जांभळी सीतेची आसवं, जी मुळांसारख्या तंतूंवरच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात. डबक्यांत बेडकांची अंडी. दिवाळीपर्यंत सगळं आटोपतं. चार महिन्यांत आख्खा जन्म उरकणाऱ्या या जगाची मोजणी उरलेल्या आठ महिन्यांत करायची, असा हा प्रकार.

फुलांचं सोडा, कुणी म्हणेल. मग पाण्याचं बघा. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्याच्यातून खाली उतरतो आणि उतारावर झरे होऊन बाहेर येतो. खालची वाडी, तिथली माड-पोफळ, गोव्यात म्हणतात ते कुळागर, सगळं त्या झऱ्यावर. पाटाने पाणी फिरवायच्या पाळ्या ठरलेल्या. वर काही हजार मीटर धावपट्टी, टॅक्सी-वे आणि पार्किंगचं डांबर पसरलं की पाणी मुरण्याऐवजी गटारातून एकदम व्हाळात जाणार. पावसाळ्यात पूर, मार्चमध्ये झरा कोरडा. हा हिशेब मांडायचा तर झऱ्याचं पाणी जूनपासून मेपर्यंत दर महिन्याला मोजायला हवं. बादली आणि घड्याळ एवढंच सामान लागतं. खर्चिक असतं ते वर्षभर थांबणं.

गोव्यातला मोपाचा विमानतळ असाच सड्यावर उभा आहे, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. त्याला ऑक्टोबर 2015 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. प्रकरण हनुमान आरोसकर आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं, आणि 29 मार्च 2019 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. हेमंत गुप्ता यांच्या पीठाने ती मंजुरी स्थगित केली. निकाल फिरला तो फॉर्म 1 वर. पंधरा किलोमीटरच्या आत काय काय संवेदनशील आहे, असं हा फॉर्म विचारतो. या फॉर्ममध्ये राखीव जंगलं आणि पश्चिम घाटातले संवेदनशील भाग यांची माहितीच दिलेली नव्हती. फॉर्म सगळ्यांत आधी भरला जातो आणि त्याच्यावरून अभ्यासाची चौकट ठरते. म्हणजे तिथे जे गाळलं, ते पुढे कुठलंही यंत्र मोजत नाही. न्यायालयाने समितीला फेरविचार करायला सांगितलं, समितीने आणखी अटी घातल्या, जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली आणि अटींच्या पालनावर देखरेखीचं काम नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आलं. जानेवारी 2023 पासून तिथून विमानं उडतात. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 44 लाख प्रवासी, पुढे टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी.

वाढीचीच गोष्ट निघाली तर आवाजाकडे बघायला हवं, कारण विस्ताराच्या अहवालात सगळ्यांत निरुपद्रवी दिसणारं प्रकरण हेच. मीटर जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीपासून दूर लावतात. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सहा 45. आता गंमत बघा. डेसिबलचं मोजमाप असं आहे की विमानांची संख्या दुप्पट झाली तर सरासरी वाढते फक्त तीनने. नकाशावरची आवाजाची रेषा जराशी बाहेर सरकते, आणि तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो असं वाक्यही अहवालात सापडतं. ते एका आवाजाबद्दल खरं आहे. पण कुशीतलं पोर सरासरीने जागं होत नाही. रात्री एकच विमान डोक्यावरून गेलं आणि त्याची सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात दाबून बसवल्यावर 90 डेसिबल भरली, तर आठ तासांवर पसरून तिची सरासरी येते 45 च्या आसपास. म्हणजे बाकीची रात्र अगदी निःशब्द धरली, तरी एका विमानाने मर्यादा गाठली. दोन गेली तर 48. चार गेली तर 51. घरातल्यांनी चारदा उठायचं आणि कागदावर सहाचा फरक वाचायचा.

विमानांच्या धुराचं थोडक्यात सांगतो, कारण अहवालही थोडक्यातच सांगतो: स्थानिक हवेच्या हिशेबात साधारण 3000 फुटांच्या खालचाच धूर धरतात.

पक्ष्यांची कथा मात्र वेगळी. पर्यावरणाच्या प्रकरणात टिटवी ‘आढळलेली प्रजाती’ असते, तिचा अधिवास जपायचा असतो. सुरक्षिततेच्या प्रकरणात तीच टिटवी ‘धोका’ असते, तिला फटाके वाजवून पळवायचं असतं. ही दोन प्रकरणं लिहिणारी माणसं एका टेबलाशी बसलेली मी पाहिलेली नाहीत. नवी मुंबईच्या विमानतळाबाबत हा पेच फार मोठा झाला. पनवेलच्या खाडीकाठी, खारफुटीत भराव घालून, उलवे नदीचा प्रवाह वळवून आणि डोंगर सपाट करून तो बांधला. भोवतालच्या पाणथळ जागांवर हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे उतरतात. 2010 च्या मंजुरीनंतर पक्ष्यांच्या अभ्यासाचं काम बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे (बीएनएचएस) गेलं. पाणथळी राखाव्यात, तर पक्षी विमानाच्या वाटेत येतील. बुजवाव्यात, तर ते दुसरी जागा शोधत त्याच वाटेने भरकटतील. पहिलंच म्हणणं ऐकून निर्णय घेणं सोपं असतं. दुसऱ्यासाठी अनेक हिवाळ्यांच्या नोंदी लागतात.

जनसुनावणीला मी मागच्या रांगेत बसायचो. तीस दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष, चित्रीकरण. नोकऱ्या आणि मोबदला यांवर तास दोन तास जातात, ते रास्तच आहे. जमीन त्यांची गेलेली असते. पण कुणीतरी उठतो आणि वाडीवरच्या झऱ्यांची नावं एकेक करून सांगू लागतो. कुठला मार्चपर्यंत टिकतो, कुठल्याचं पाणी देवाला नेतात, कुठला बारमाही. इतका नेमका जलशास्त्रीय तपशील मला कुठल्याच परिशिष्टात सापडला नाही. इतिवृत्तात त्याची ओळ होते: ‘ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.’ पुढच्या रकान्यात उत्तर: ‘पर्जन्यजल संधारण करण्यात येईल.’

झऱ्याची नावं सांगणाऱ्या त्या माणसाने एक करावं असं मला वाटतं. मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल प्रकल्पवाल्यांना वर्षातून दोनदा, 1 जूनला आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो कुणालाही मागता येतो. त्याने डिसेंबरचा मागावा. पावसाळ्याचे महिने त्यात असतात. आणि शेजारी आपली वही ठेवावी: कोणत्या तारखेला झऱ्यावर बादली भरायला किती सेकंद लागले.