लेव्हल वाढली की आधी टिकायचं, मग जिंकायचं

मोबाइलवर बुद्धिबळ खेळता ना? सोप्या लेव्हलला आपण धडाधड जिंकतो. एक लेव्हल वाढवली की तोच माणूस वीस चालींत गार! नियम तेच, सोंगट्या त्याच. फरक एवढाच, की आता समोरचा आपली चूक सोडत नाही.

धंद्यातही असंच होतं. आपल्या विदर्भातल्या मुलीचं उदाहरण बघा. नागपूरची दिव्या देशमुख जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला वर्ल्ड कप खेळायला गेली, तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म नव्हता. मानांकन 15 वं. फायनलला समोर कोण? कोनेरू हम्पी. दिव्याच्या जन्माआधीच, 2002 मध्ये, ग्रँडमास्टर झालेली!

पहिले दोन डाव बरोबरीत. मग टायब्रेक, त्यातला पहिला जलद डावही बरोबरीत. चौथा डाव दिव्याने जिंकला, अडीच विरुद्ध दीड. कप मिळाला आणि थेट ग्रँडमास्टर किताबही. तीन डावांत मिळालेला अर्धा-अर्धा गुण कुणाला मोठा वाटत नाही. पण तो हातात होता म्हणून चौथ्या डावाला अर्थ होता.

आता आपल्या परभणीत या. समजा, तुमचा मसाल्याचा घरगुती उद्योग आहे. आठवडी बाजारात 100 किलो रोखीने जातो. एका मोठ्या दुकानाने ऑर्डर दिली: दर आठवड्याला 300 किलो, पैसे 45 दिवसांनी. घरात पेढे वाटले जातात. थांबा, आधी हिशोब करा.

किलोला खर्च 300 रुपये धरा. एका खेपेला 90 हजार. पहिल्या खेपेचे पैसे येईपर्यंत तुम्ही सात खेपा पाठवलेल्या असतात. म्हणजे 6 लाख 30 हजार रुपये अडकले! नफा कागदावर आहे, पण मिरची आणायला गल्ल्यात पैसा नाही. चांगले चालणारे धंदे इथेच बसतात.

मग ऑर्डर सोडायची का? नाही. बरोबरी साधायची.

पहिलं, 300 ऐवजी 100 किलोपासून सुरुवात करा. अडकणारी रक्कम 2 लाख 10 हजारांवर येते.

दुसरं, रोखीचं जुनं गिऱ्हाईक तोडू नका. बाजारातली तुमची जागा हाच तुमचा अर्धा गुण.

तिसरं, उद्यम नोंदणी करा आणि व्यवहार लेखी ठेवा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज मागता येतं. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हे संरक्षण मिळत नाही, आपण दुकानवाल्यांनी हे लक्षात ठेवायचं.

आज दुकान बंद केल्यावर वहीत तीन आकडे लिहा: एका खेपेचा खर्च, पैसे किती दिवसांनी येणार, आणि तोवर किती खेपा जाणार. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याचा गुणाकार तुमच्या हातातल्या भांडवलापेक्षा मोठा आला, तर ऑर्डर घ्या, पण छोटी करून. दोन-तीन वेळा पैसे वेळेवर आले की मग वाढवा.

तुमचे आकडे लिहून पाठवा, पुढच्या व्हिडिओत हिशोब मांडू. भेटूया!