नर्मदाखोऱ्यातील सायकलमार्ग : जबलपूर परिसराचा विचार

जबलपूरहून भेडाघाटास जाणारा बहुतेक पर्यटक मोटारीने जातो. सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरचे हे अंतर पाऊण तासात कापले जाते, धुवांधार धबधबा पाहिला जातो, संगमरवरी कड्यांमधून नौकाविहार होतो आणि दिवस मावळण्यापूर्वी गाडी शहरात परतलेली असते. या प्रवासात वाटेवरचे तेवर हे गाव केव्हा मागे पडले, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. वस्तुतः तेवर म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या कोरीव लेखांचा जो बृहद्ग्रंथ १९५५ मध्ये सिद्ध केला, त्याच्या केंद्रस्थानी हेच राजघराणे आहे, आणि मो. गं. दीक्षित यांनी १९५२ मध्ये येथेच उत्खनन केले होते. मोटारीच्या वेगाला अशी गावे दिसत नाहीत. सायकलीच्या वेगाला ती टाळता येत नाहीत.

सायकल पर्यटनाचा आर्थिक अर्थ या साध्या गोष्टीत सामावला आहे. सामान भरलेल्या सायकलीवरील प्रवासी ताशी बारा ते पंधरा किलोमीटर जातो आणि दिवसाकाठी पन्नास-साठ किलोमीटरपेक्षा फार पुढे जात नाही. त्याला दर तासा-दीड तासाने पाणी, चहा, सावली लागते. दुपारी जेवण लागते. कधी चाकाला ठिगळ लावणारा लागतो आणि रात्री निवारा लागतो. मोटारीने आलेल्या पर्यटकाचा खर्च प्रामुख्याने शहरातील हॉटेल आणि धबधब्याजवळची दुकाने यांतच होतो. सायकलस्वाराचा खर्च वाटेवरच्या गावांत थोडा थोडा विखुरतो. रक्कम लहान असते, पण ती जेथे पोहोचते तेथे एरवी पर्यटनाचा पैसा पोहोचत नाही.

युरोपात या विचारातून मार्गांची जाळी उभी राहिली. त्यांतील बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतातील प्रयोग विशेष अभ्यासण्याजोगा आहे. खाणकामाचा ऱ्हास झालेल्या या प्रदेशात १९९५ मध्ये अस्तित्वात असलेल्याच ग्रामीण रस्त्यांच्या छेदबिंदूंना क्रमांक देण्यात आले आणि प्रत्येक बिंदूवर पुढील क्रमांकाची दिशा दाखविणारे फलक लावण्यात आले. प्रवाशाने चार-पाच क्रमांक लिहून घ्यावेत आणि निघावे, इतकी ही पद्धत सोपी आहे. पुढे तिचा नेदरलँड्समध्येही मोठा प्रसार झाला. येथे मुख्य खर्च नव्या रस्त्यांचा नव्हता. असलेले रस्ते एकमेकांशी जोडून दाखविण्याचा होता. जबलपूरसाठी नेमका हाच भाग महत्त्वाचा आहे.

खोऱ्याची अनुकूलता

विंध्य आणि सातपुडा यांच्यामधील खचदरीतून नर्मदा पश्चिमेकडे वाहते. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत तिची लांबी १३१२ किलोमीटर असून जबलपूर तिच्या वरच्या टप्प्यात आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंचीवर असले, तरी नदीला समांतर जाणाऱ्या पट्ट्यात उतार सौम्य आहेत. सायकलीच्या दृष्टीने याचे महत्त्व किती, हे साध्या गणिताने समजते. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन धरले, तर सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर वेगासाठी लागणाऱ्या शक्तीच्या तिपटीहून अधिक शक्ती शंभर मीटरला तीन मीटर इतक्या माफक चढावर, तोच वेग राखण्यासाठी लागते. खडबडीत रस्त्यावर हा भार आणखी वाढतो. नदीकाठचा सपाट पट्टा आणि बऱ्या स्थितीतील ग्रामीण रस्ता या दोन गोष्टी जुळल्या, तर सराव नसलेला विद्यार्थीही दिवसभर सायकल चालवू शकतो.

खचदरीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. २२ मे १९९७ रोजी ५.८ रिश्टर तीव्रतेच्या आसपासचा भूकंप येथे झाला व मोठी हानी झाली. मदन महालाच्या टेकडीवर एका शिळेवर जेमतेम टेकलेली दुसरी प्रचंड शिळा मात्र त्या धक्क्यातही ढळली नाही. शहरातून बाहेर पडणाऱ्या सायकलस्वाराचा पहिला थांबा बहुधा तीच ठरेल.

नदीकाठचा मार्ग

मदन महालाहून तिलवाराघाट, तेथून ग्रामीण रस्त्यांनी लमेटाघाट, पुढे भेडाघाट आणि परतीच्या वाटेवर तेवर, असा सुमारे पन्नास किलोमीटरचा फेरा आखता येतो. एवढ्या अंतरात इतका विविध अभ्यासविषय सामावलेला मार्ग देशात क्वचितच आढळेल.

मार्च १९३९ मध्ये भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला नाव मिळाले ते याच परिसरातील प्राचीन त्रिपुरीचे. पट्टाभी सीतारामय्या यांचा पराभव करून निवडून आलेले अध्यक्ष सुभाषचंद्र बोस आजारी अवस्थेत या अधिवेशनास उपस्थित राहिले. गोविंद वल्लभ पंत यांचा ठराव येथेच संमत झाला आणि पुढच्याच महिन्यात बोस यांनी अध्यक्षपद सोडले. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग तिलवाराघाटावर विसर्जित करण्यात आला.

लमेटाघाटाचे नाव भूशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. दख्खनच्या लाव्हाथरांखाली आढळणाऱ्या, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरच्या गाळखडकांना या घाटावरून ‘लमेटा’ हे नाव मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे डायनोसोरांचे अवशेष ज्या थरांत सापडतात, ते थरही लमेटाच. जबलपूर येथे कॅप्टन विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये महाकाय प्राण्याची हाडे मिळाली. त्या वेळी ‘डायनोसोर’ हा शब्दच अस्तित्वात नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी त्या प्राणिगटाला नाव दिले १८४२ मध्ये. स्लीमनना मिळालेल्या हाडांच्या आधारे लायडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जाती वर्णिली. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून स्लीमन सर्वांना ठाऊक असतात. त्यांची ही दुसरी कामगिरी तुलनेने उपेक्षित राहिली आहे.

भेडाघाटास टेकडीवर दहाव्या शतकातील चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे आणि खाली संगमरवराची घळई. ‘नर्मदाखोऱ्यातील भेडाघाट-लमेटाघाट’ या स्थळाचा समावेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. नामांकनापूर्वी स्थळ किमान एक वर्ष या यादीत असावे लागते. यादीत येणे म्हणजे दर्जा मिळणे नव्हे, हे परीक्षार्थींनी लक्षात ठेवावे. अशा स्थळी वाहनतळ वाढविणे हा सोपा पण घातक मार्ग आहे. जीवाश्म असलेले थर एकदा उकरले गेले की पुन्हा मिळत नाहीत.

इतर दोन मार्ग थोडक्यात सांगता येतील. पूर्वेस मंडला रस्त्यावर बरेलाजवळ राणी दुर्गावतीची समाधी आहे. अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना २४ जून १५६४ रोजी तिला वीरमरण आले. दक्षिणेस बरगी धरण आहे. नर्मदेवरील पूर्ण झालेल्या पहिल्या मोठ्या धरणांपैकी हे एक. त्याच्या जलाशयाने १६२ गावे बाधित झाली. या जलाशयाकाठी पर्यटनाची योजना करताना लाभाचा पहिला वाटा कोणाचा, हा प्रश्न टाळता येणार नाही.

रस्ते आहेत, जोड नाही

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातील ५०० व त्याहून अधिक, तर डोंगराळ, आदिवासी व वाळवंटी भागांतील २५० व त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्या बारमाही रस्त्यांनी जोडण्याचे उद्दिष्ट होते. या रस्त्यांची डांबरी रुंदी सामान्यतः ३.७५ मीटर, आणि वाहतूक अगदी कमी असल्यास ३ मीटर असते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २५,००० वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्त्यांची तरतूद आहे. अरुंद, कमी रहदारीचा आणि गावाच्या मध्यातून जाणारा असा हा रस्ता सायकलीसाठी जणू बेतलेलाच आहे. मात्र त्याची रचना गावाला मुख्य रस्त्याशी जोडण्यासाठी झाली असल्याने शेजारच्या दोन गावांतील शेवटचे एक-दोन किलोमीटर बहुधा कच्चे राहतात, आणि सायकलस्वाराला पुन्हा महामार्गावर यावे लागते. खरा धोका तेथे आहे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. महामार्गाच्या कडेने जाणारा सायकलस्वार केवळ पर्यटक नसतो. दूध घेऊन शहरात येणारा गवळी आणि शाळेला जाणारी मुलगीही त्याच कडेने जाते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. गावांमधील तुटलेला जोड पर्यटकाच्या निमित्ताने पूर्ण झाला, तरी त्याचा रोजचा लाभ या लोकांनाच होणार आहे.

हे काम कोणाचे? राज्यघटनेच्या कलम २४३-छ शी निगडित अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत तेरावा विषय रस्ते, मोऱ्या, पूल, नावा, जलमार्ग व दळणवळणाची अन्य साधने हा आहे. पर्यटन हा विषय मात्र त्या यादीत नाही. परिणामी फलक कोणी लावावेत, याचे उत्तर महापालिका, भेडाघाटची नगर परिषद, ग्रामपंचायती आणि राज्याचे पर्यटन खाते यांच्यामध्ये विखुरते. मार्ग एक असला तरी हद्दी चार आहेत.

निवाऱ्याच्या बाबतीत नर्मदाकाठाची परिस्थिती सुदैवाने वेगळी आहे. परिक्रमावासीयांना शिधा व आसरा देण्याची प्रथा या काठच्या गावांत जुनी आहे. महाराष्ट्रातून जाणारे परिक्रमावासी आणि गो. नी. दांडेकरांपासूनचे मराठी लेखक यांना तिचा परिचय आहे. जबलपूरचे अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून टप्प्याटप्प्याने केलेली पदयात्रा याच आतिथ्यावर झाली. तरीही या प्रथेला सायकल पर्यटनाची फुकट सोय मानणे योग्य नाही. शिधा परिक्रमावासीयासाठी असतो. पर्यटकासाठी गावात दर ठरलेली घरगुती निवासव्यवस्था हवी आणि तिचे पैसे त्या घरालाच मिळायला हवेत.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या मार्गांचा काळ. पावसाळ्यात काठच्या वाटा चिखलाने बंद होतात, भेडाघाटची नौकासेवाही थांबते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी सायकल रेल्वेच्या पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यातून आणणे सोयीचे. मुंबई-हावडा लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूर येथेच जोडला गेला. त्याच मार्गावर इटारसीच्या दिशेने भेडाघाट हे लहान स्थानकही आहे. तेथे थांबणारी गाडी मिळाल्यास शहरातील रहदारी टाळून थेट नदीकाठापासून सुरुवात करता येते.