नागा लोकांचा स्वयंनिर्णयाचा दावा आणि शांततेच्या वाटाघाटी : एका विभाजित लोकसमूहाचा प्रश्न

प्रस्तावना

स्वयंनिर्णयाच्या हक्काला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या पहिल्याच कलमात स्थान मिळाले आहे. १९६० च्या वसाहतमुक्तीविषयक जाहीरनाम्याने सर्व लोकांना हा हक्क असल्याचे सांगितले. परंतु कोणत्याही देशाची राष्ट्रीय एकता व प्रादेशिक अखंडता भंग करण्याचा प्रयत्न सनदेशी विसंगत आहे, असेही त्याच जाहीरनाम्यात नमूद आहे. 'लोक' म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र कोठेही नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात १९७९ मध्ये सामील होताना भारताने असे निवेदन केले की, हा हक्क केवळ परकीय वर्चस्वाखालील लोकांना लागू आहे, सार्वभौम स्वतंत्र राज्यांना किंवा राष्ट्राच्या एखाद्या भागाला नाही. वसाहतवादाविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका मोठ्या देशाने हे निवेदन करावे, यात त्या देशाच्या अंतर्गत चिंता स्पष्ट दिसतात. ईशान्येकडील नागा प्रश्न हा त्या चिंतांपैकी सर्वांत जुना होय.

नागा हा एक समाज नसून अनेक जमातींचा समूह आहे. नागालँडखेरीज मणिपूरचे डोंगरी जिल्हे, अरुणाचल प्रदेश व आसामचे काही भाग आणि म्यानमारचा वायव्य प्रदेश येथे त्यांची वस्ती आहे. या प्रश्नाकडे सामान्यतः 'दिल्ली विरुद्ध नागा' असे पाहिले जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, तो दोन पक्षांमधील वाद आहे असे मानून केलेला प्रत्येक करार अपुरा ठरला आहे. चर्चेला कोण बसले आणि कोण बाहेर राहिले, या अंगानेच त्याचा इतिहास वाचावा लागतो.

सीमारेषा आणि सुरुवातीचे दावे

१८२६ चा यांदाबोचा तह इंग्रज आणि ब्रह्मदेशाचा राजा यांच्यात झाला. ज्यांच्या डोंगरांतून पुढे सीमा आखली गेली, ते नागा त्या तहात पक्ष नव्हते. त्यानंतर इंग्रजांनी टप्प्याटप्प्याने नागा टेकड्यांत प्रवेश केला. १८७९-८० मध्ये खोनोमा या अंगामी गावाने केलेला प्रतिकार मोडून काढल्यावर तेथील सत्ता स्थिर झाली. १९३७ मध्ये ब्रह्मदेश भारतापासून वेगळा करण्यात आला, तेव्हा प्रशासकीय स्वरूपाची रेषा दोन देशांमधील रेषा बनण्याच्या मार्गाला लागली. भारत व ब्रह्मदेश यांच्यातील सीमाकरार १९६७ मध्ये झाला.

१९१८ मध्ये स्थापन झालेल्या नागा क्लबने १९२९ च्या जानेवारीत कोहिमा येथे सायमन कमिशनला एक निवेदन दिले. प्रस्तावित सुधारणांतून आम्हाला वगळावे, आणि इंग्रज गेल्यास पूर्वीप्रमाणे आमचे आम्हाला ठरवू द्यावे, असा त्याचा आशय होता. नागा राजकारणाचा आरंभबिंदू म्हणून हे निवेदन नेहमी सांगितले जाते. त्याच निवेदनातील दुसरी एक कबुली मात्र कमी वेळा सांगितली जाते : आमच्या जमातींमध्ये ऐक्य नाही आणि आज आम्हाला एकत्र धरून ठेवणारे ब्रिटिश सरकारच आहे, असे सह्या करणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहिले होते. यावरून नागा अस्मिता 'कृत्रिम' ठरवणे योग्य होणार नाही. बहुतेक राष्ट्रीय अस्मिता अशाच घडत गेल्या आहेत. तथापि भाषावार प्रांतरचनेचे सूत्र येथे का उपयोगी पडले नाही, हे त्यातून समजते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला मराठी भाषेचा आधार होता. नागा जमातींच्या भाषा परस्परांना कळत नाहीत आणि आपसांतील बोलण्यासाठी आसामीवर आधारलेली नागामीज वापरली जाते.

जून १९४७ मध्ये आसामचे राज्यपाल सर अकबर हैदरी आणि नागा नॅशनल कौन्सिल यांच्यात नऊ कलमी करार झाला. त्याच्या सहाव्या कलमात नागांना शक्य तितके एका प्रशासकीय घटकाखाली आणण्याचा उल्लेख होता. नवव्या कलमाने मात्र पुढील संघर्षाचे बीज रोवले. करार पाळला जावा याची विशेष जबाबदारी दहा वर्षे राज्यपालांकडे राहील, आणि त्यानंतर करार वाढवावा की नागा लोकांच्या भवितव्याविषयी नवा करार करावा, हे कौन्सिलला विचारले जाईल, असे ते कलम होते. दहा वर्षांनी आपण बाहेर पडू शकतो, असा अर्थ कौन्सिलमधील फिझो यांच्या गटाने घेतला. भारतीय संघराज्याच्या चौकटीतच फेरविचार, असा अर्थ सरकारने घेतला. मसुद्यातील संदिग्धता त्या क्षणी उपयोगी वाटते, आणि नंतर प्रत्येक पक्ष तिचा आपल्या बाजूने दाखला देतो.

१४ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य जाहीर करून कौन्सिलने १६ मे १९५१ पासून स्वतःचे सार्वमत घेतले. जवळजवळ सर्व मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडल्याचा तिचा दावा भारत सरकारने मान्य केला नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवर नागा टेकड्यांत बहिष्कार पडला. मार्च १९५३ मध्ये पंडित नेहरू आणि ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू एकत्र कोहिमाला आले. नागा प्रतिनिधींना निवेदन देऊ दिले जात नाही, हे कळताच जमलेले लोक सभेतून उठून गेले. ज्या दोन देशांत हे लोक विभागले गेले होते, त्यांचे पंतप्रधान एकाच व्यासपीठावर असल्याचा तो प्रसंग होता. संवादाची ती संधी शिष्टाचाराच्या मुद्द्यावर गेली, असे म्हणणे भाग आहे. १९५६ पासून सशस्त्र संघर्ष सुरू झाला, सैन्य आले आणि १९५८ मध्ये सशस्त्र दले (विशेषाधिकार) कायदा झाला. गावे जाळणे व गावांचे सक्तीचे एकत्रीकरण यांच्या आठवणी त्या प्रदेशात आजही पुसल्या गेलेल्या नाहीत.

शांतता मंडळ : एक दुर्लक्षित प्रयत्न

१९६० च्या सोळा कलमी करारानुसार १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य अस्तित्वात आले, आणि राज्यघटनेच्या ३७१(अ) कलमाने नागा रूढी, जमीन व साधनसंपत्ती यांना विशेष संरक्षण मिळाले. हा लाभ लहान नव्हता. परंतु करार मवाळ गटाच्या नागा पीपल्स कन्व्हेन्शनशी झाला होता. लढणारे त्यात नव्हते. कन्व्हेन्शनचे अध्यक्ष डॉ. इम्कोंग्लिबा आओ यांची १९६१ मध्ये हत्या झाली.

या पार्श्वभूमीवर १९६४ मध्ये तेथील बॅप्टिस्ट चर्चच्या पुढाकाराने शांतता मंडळ स्थापन झाले. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि ब्रिटिश धर्मोपदेशक मायकेल स्कॉट हे त्याचे सदस्य. ६ सप्टेंबर १९६४ पासून शस्त्रसंधी अमलात आली. मंडळाने पुढे मांडलेला प्रस्ताव आजही लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. नागांच्या स्वयंनिर्णयाच्या भूमिकेमागील भावना आणि भारत सरकारची संघराज्याची भूमिका, या दोन्हींची दखल घेऊन मंडळाने असे सुचवले की, नागांनी स्वेच्छेने भारतीय संघराज्यात सहभागी होण्याचा निर्णय घ्यावा आणि सरकारने त्या संबंधाचे स्वरूप नागांच्या गरजांनुसार बदलण्याची तयारी ठेवावी. म्हणजे स्वयंनिर्णय नाकारायचा नाही, आणि त्याचा शेवट वेगळे होण्यातच व्हावा असेही धरायचे नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेक प्रकरणी १९९८ मध्ये 'अंतर्गत' व 'बाह्य' स्वयंनिर्णय असा जो भेद केला, त्याच्या जवळ जाणारा विचार येथे तीन दशके आधी झाला होता.

दोन्ही बाजूंना तो पूर्णतः रुचला नाही. १९६६ च्या फेब्रुवारीत जयप्रकाशांनी राजीनामा दिला, मे महिन्यात स्कॉट यांना देश सोडावा लागला, आणि इंदिरा गांधींबरोबरच्या चर्चेच्या फेऱ्या निष्फळ ठरल्या. १९७२ मध्ये शस्त्रसंधी संपली. असे असले तरी, कित्येक वर्षांनंतर ग्रामीण भागातील लोक शेतात निर्भयपणे जाऊ शकले, हे या मंडळाचे श्रेय निष्कर्षांच्या हिशेबात धरले जात नाही.

१९७५ चा शिलाँग करार आणीबाणीच्या काळात झाला. भूमिगत संघटनांच्या काही प्रतिनिधींनी घटना स्वीकारून शस्त्रे खाली ठेवण्याचे मान्य केले. त्याला विरोध करणाऱ्या इसाक स्वू, मुइवा आणि खापलांग यांनी १९८० मध्ये एनएससीएन ही संघटना काढली. यांपैकी स्वू हे नागालँडचे सुमी, मुइवा मणिपूरचे तांगखुल, तर खापलांग ब्रह्मदेशातील नागा. विभाजित समाजाचे तिन्ही तुकडे एका संघटनेत होते. १९८८ मध्ये तीही रक्तपात होऊन दुभंगली, आणि पुढील काळात नागांच्याच हातून मारल्या गेलेल्या नागांची संख्या वाढत गेली.

'स्व' म्हणजे कोण?

ऑगस्ट १९९७ पासून इसाक-मुइवा गटाशी शस्त्रसंधी झाली. या वाटाघाटींत खरी कसोटी १४ जून २००१ च्या बँकॉक येथील सहमतीने लागली. शस्त्रसंधी 'प्रादेशिक मर्यादेविना' लागू असेल, असे त्यात म्हटले होते. नागांच्या दृष्टीने ते त्यांच्या वस्तीच्या सलगतेला मिळालेले सूचक समर्थन होते. इंफाळ खोऱ्यातील मैतेई समाजाने मात्र त्यात मणिपूरच्या विभाजनाची नांदी पाहिली. १८ जून रोजी इंफाळमध्ये उसळलेल्या आंदोलनात विधानसभेच्या इमारतीला आग लागली आणि गोळीबारात १८ जण मृत्युमुखी पडले. जुलैअखेर सरकारने ते शब्द मागे घेतले.

येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेणे आवश्यक आहे. मणिपूरच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या तांगखुल, माओ, मरम, झेलियांगरोंग या जमातींनी आपल्या नागालँडमधील बांधवांशी जोडले जावे असे म्हणणे अस्वाभाविक नाही. नागालँड विधानसभेनेही एकत्रीकरणाचे ठराव एकाहून अधिक वेळा केले आहेत. दुसरीकडे मणिपूर हे लिखित इतिहास असलेले जुने राज्य आहे, आणि त्याच डोंगरांत कुकी-झो लोकही राहतात. एका समूहाच्या स्वयंनिर्णयाचा नकाशा दुसऱ्याच्या घरावरून जातो. वाटाघाटींच्या मेजावर मणिपूर नव्हते. मग त्याचा आवाज रस्त्यावर उमटला. २०१० मध्ये मुइवा यांना त्यांच्या सोमदाल या गावी जाण्यास मणिपूर सरकारने मज्जाव केला. माओ येथे गोळीबारात दोघे ठार झाले आणि महामार्गावरील नाकेबंदीने खोऱ्यात औषधे व इंधन यांची टंचाई झाली. मुइवा सोमदालला पोहोचले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, अर्ध्या शतकानंतर.

३ ऑगस्ट २०१५ रोजी झालेल्या आराखडा करारात सार्वभौम सत्तेचे वाटप आणि दोन घटकांचे शांततामय सहअस्तित्व अशी भाषा होती, परंतु मसुदा पाच वर्षे गुप्त राहिला. २०२० मध्ये एनएससीएनने तो प्रसिद्ध केला तेव्हा 'नवे' हा एक शब्द मूळ मसुद्यातून वगळला गेल्याचा आरोप झाला. १९४७ च्या नवव्या कलमाची ही पुनरावृत्तीच होती. २०१७ मध्ये इतर काही गटांच्या समितीशी वेगळी सहमती झाली. वेगळा ध्वज व वेगळी घटना या मागण्यांवर चर्चा अडून राहिली. दरम्यान डिसेंबर २०२१ मध्ये ओतिंग येथे सैन्याच्या गोळीबारात घरी परतणारे सहा खाणकामगार मारले गेले, आणि विशेषाधिकार कायद्याविरुद्धचा जुना संताप पुन्हा वर आला.

या सर्व काळात संवादाचे सर्वांत चिकाटीचे काम राजकीय नेत्यांनी नव्हे, तर समाजातील इतरांनी केले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या नागा मदर्स असोसिएशनने रक्तपात थांबवण्याची मोहीम चालवली. २००८ मध्ये सुरू झालेल्या नागा सामंजस्य मंचाने परस्परांच्या जिवावर उठलेल्या गटांना एकत्र बसवले. १३ जून २००९ च्या सामंजस्याच्या प्रतिज्ञापत्रावर इसाक स्वू आणि खापलांग या दोघांच्याही सह्या आहेत. नागांनी नागांना क्षमा करणे, ही दिल्लीशी बोलण्यापूर्वीची पायरी आहे, हे या मंचाने ओळखले होते.

म्यानमारमधील नागा मात्र या कोणत्याही करारात नाहीत. तेथील २००८ च्या घटनेने लाहे, लेशी आणि नान्युन या तीन तालुक्यांचे नागा स्वयंप्रशासित क्षेत्र निर्माण केले. शेजारच्या भागांतील नागा त्याबाहेर राहिले. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तर त्या देशात वाटाघाटी करण्याजोगी सर्वमान्य सत्ताच उरली नाही. भारताच्या बाजूने २०२४ च्या फेब्रुवारीत मुक्त संचाराची व्यवस्था रद्द करण्याचा व १,६४३ किलोमीटरच्या सीमेवर कुंपण घालण्याचा निर्णय जाहीर झाला. नागालँड विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला. त्या वर्षाच्या अखेरीस पूर्वीच्या १६ ऐवजी १० किलोमीटरपर्यंतच्या संचारासाठी पासची पद्धत आली. मोन जिल्ह्यातील लोंगवा या कोन्याक गावात आंगाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, घरातूनच सीमारेषा जाते, आणि गावकऱ्यांची शेते पलीकडे आहेत.