आत्याची यात्रा आणि गव्हाचा हुरडा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पण विमानात बसलेली पहिली व्यक्ती म्हणजे माझी आत्या. ती इस्पितळात आया होती. निवृत्तीच्या पैशांत भिशीची भर घालून मार्च २०१९ मध्ये ती मंडळीतल्या चाळीस जणांबरोबर पवित्र भूमीच्या यात्रेला गेली. परतल्यावर शेजारणींनी "काय काय पाहिलंस?" म्हणून विचारले, तर बाई सांगू लागल्या ते सगळे खाण्याचेच! सर्वांना हसू आले, मलाही आले. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात बसू लागले तेव्हा उमगले, की आत्याने यात्रा बरोबर टोकाने धरली होती.

यात्रेचा आरंभ जॉर्डन देशात झाला. तिथल्या मादबा गावच्या चर्चमध्ये जमिनीवर रंगीत खड्यांचा नकाशा आहे. तो सहाव्या शतकातला असून पवित्र भूमीचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना नकाशा आहे. त्यात यार्देन नदीतला एक मासा क्षारसमुद्राच्या तोंडाशी येऊन मागे फिरलेला दाखवला आहे, कारण पुढच्या खारट पाण्यात मासा जगत नाही. आत्याला नकाशातला तो मासाच तेवढा आठवतो.

दुपारी 'मन्साफ' मिळाला. मीठ घालून सुकवलेल्या दह्याच्या गोळ्याला तिकडे जमीद म्हणतात. तो पाण्यात कालवून त्यात मटण शिजवायचे आणि भातावर ओतायचे. "कढीतलं मटण," आत्या म्हणाली, आणि पुन्हा वाढून घेतले. बरोबरच्या पुष्कळांनी मात्र चिवड्याच्या पिशव्या सोडल्या.

मग नदी ओलांडून मंडळी इस्राएलात गेली. यार्देन पाहून आत्या हिरमुसली, कारण आमची प्रवरा तिच्यापेक्षा रुंद आहे. (वरचे पुष्कळसे पाणी आधीच काढून घेतले जाते, हे तिला ठाऊक नव्हते.) त्या रात्री हॉटेलात मटण झाल्यावर सर्वांनी दुधाचा चहा मागितला. वाढप्याने साफ नकार दिला. आमची माणसे रागावली, पैसे भरलेत म्हणाली! कारण असे, की करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा मोशेच्या ग्रंथांत तीनदा आली आहे. तिच्यावरून यहुदी परंपरेने मांस आणि दूध यांची ताटेवाट्यासुद्धा वेगळी केली. नदीच्या एका तीरावर जे पाहुण्याच्या मानाचे ताट, तेच दुसऱ्या तीरावर निषिद्ध. चहा अखेर काळाच प्यावा लागला.

गालीलच्या सरोवराकाठी सर्वांना 'पेत्राचा मासा' अख्खा तळून मिळाला. जवळच ताबघा येथे पाचव्या शतकातले भाकरी-माशांचे खड्यांचे चित्र आहे. आत्याने टोपलीतल्या भाकरी मोजल्या, तर चारच! पाचवी वेदीवर असते, असे वाटाड्याने सांगितले. योहानाच्या शुभवर्तमानात त्या पाच भाकरी जवाच्या आहेत. जव हे त्या काळी गरिबाचे धान्य होते, गहू खाणारे वेगळे. आमच्याकडे पूर्वी गव्हाची पोळी सणालाच होई, त्यामुळे मला यावर टीप वाचावी लागली नाही.

बेथलेहेमला जाताना वाटाड्या बदलला. गाव पॅलेस्टिनी भागात आहे आणि २००२ नंतर तिथे उंच भिंत उभी राहिली आहे. परदेशी पासपोर्टवाली आमची बस झटकन सुटली. तिथल्या माणसाला मात्र यरुशलेमला जायला परवाना लागतो, आणि यरुशलेम तर दहाएक किलोमीटरवर.

ज्या चर्चसाठी सारे आले होते त्याबद्दल आत्या दोनच वाक्ये बोलते. तिला पाहायचे होते ते बवाजाचे शेत. रूथ ही मवाब देशची विधवा. मवाब म्हणजे मादबाच्या आसपासचाच मुलूख, म्हणजे आत्या रूथच्याच वाटेने आली होती. रूथने बेथलेहेमात जवाच्या कापणीत सरवा वेचला. लहानपणी आत्यानेही आजीबरोबर ज्वारीचा सरवा वेचला आहे. एकदा राखणदाराने तिच्या ओट्यातली कणसे परत ओतून घेतली होती. लेवीयाच्या पुस्तकात शेताच्या कडा आणि सांडलेली कणसे गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी सोडण्याची आज्ञा आहे. म्हणजे तो हक्क होता. आमच्या गावात ती मालकाची मेहेरबानी होती. बसच्या खिडकीतून तिला बेत साहूरची घरेच घरे दिसली, शेत काही दिसले नाही.

पण जेवणात सूप आले. 'फ्रीका' म्हणजे ओला गहू कापून, जाळावर धरून, चोळून दाणे काढलेला. नावाचा अर्थच 'चोळलेला' असा आहे. आत्या ओरडली, "अगं, हा तर हुरडा!" बवाजाने रूथपुढे भाजलेले दाणेच ठेवले होते. वाढणाऱ्या बाईला मराठी येत नव्हते, आत्याला अरबी. तिने तळहात चोळून दाखवला, तशी त्या बाईनेही चोळून दाखवला, आणि दुसरी वाटी आणली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि यात्रेकरू येईनासे झाले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही बेथलेहेमच्या चौकात नाताळची रोषणाई झाली नाही. टीव्हीवर तो रिकामा चौक पाहून आत्याने विचारले, "त्या बाईचं कसं चालत असेल गं?"

गेल्या माघात तिने गव्हाच्या ओंब्या भाजल्या, चोळल्या, वाळवल्या आणि त्यांचे सूप केले. धुराचा वास लागला होता आणि बाबांनी वाटी बाजूला सारली. मी दोनदा घेतले.